ड्युटीचा रकाना

आमच्या घरात दोनच प्रकारचे दिवस असत. भाऊ लाइनवर असण्याचे आणि भाऊ घरी असण्याचे. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीला ठरलेलं वेळापत्रक नसतं, त्यामुळे आमच्या घरालाही नव्हतं. गाडी निघायची ठरली की दोन तास आधी म्हातारा कॉलमन फाटकाला सायकल टेकवून वही पुढे करायचा आणि भाऊ तीत सही करून तयारीला लागायचे. सायकलची घंटा वाजली की आई हातातलं काम टाकून डबा भरायला घ्यायची. पाच पोळ्या, कोरडी भाजी, कागदाच्या वेगळ्या पुडीत लसणाची चटणी. तिच्या हातांना त्या वेळी फार घाई असायची. लहानपणी मला वाटायचं, भाऊ निघाले म्हणून तिला वाईट वाटतंय. ती घाई कसली होती हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

भाऊ फाटकाबाहेर पडले, वळणावरच्या कडुलिंबाआड गेले की आई साधारण पाच मिनिटं काहीच करत नसे. नुसती ओट्याला टेकून उभी राहायची. मग तिच्या माहेरच्या बोलीत म्हणायची, "चला व पोरी, आज शेवनी भाजी करूत." ती धुळ्याकडची. भाऊंना घरात अहिराणी चालत नसे, गावंढळ वाटायची. म्हणून ती बोलीसुद्धा भाऊ लाइनवर गेल्यावरच घरात यायची. मग तेलावर कांदा-खोबरं भाजल्याचा वास, पाट्यावरचा काळा मसाला, वरून तिखट जाड शेव, आणि ताटात न वाढता तिघींनी पातेल्याभोवती बसून खाणं. माझी धाकटी बहीण छबी शेव मऊ व्हायच्या आत वेचून खायची. आई ओरडायची, "वं भवाने, रस्सा काय मी एकली पिऊ?" आणि छबी तोंडात शेव कोंबून खिदळायची. यार्डात शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळायचे, शेडचा भोंगा व्हायचा. त्या दिवसांत हे आवाज आम्हाला ऐकूही येत नसत.

भाऊ घरी असले की सगळे आवाज ऐकू यायचे. फाटकापासून दारापर्यंत त्यांची अकरा पावलं होती. तेवढ्यात मी पुस्तकं उचलायची, छबीचे केस कानामागे सारायची, चपला एका रेषेत लावायची. वरण फार पातळ नाही ना, पाण्याचा तांब्या ताटाच्या उजव्या बाजूला आहे ना, हे आई डोळ्यांनी तपासून घ्यायची. जेवताना कुणी बोलत नसे. भाऊ दारू पीत नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण दारुड्या बापाची गोष्ट लोकांना लगेच समजते आणि ती ऐकून घ्यायची त्यांना सवय असते. आमचे भाऊ निर्व्यसनी, वक्तशीर, अक्षर मोत्यासारखं. कॉलनीत त्यांना मान होता. फॉर्म भरून घ्यायला, अर्ज लिहून घ्यायला लोक आमच्याकडे यायचे आणि जाताना आईला म्हणायचे, "वहिनी, नशीबवान आहात." आईला ते मारायचे तेही आवाज न करता, पाठीवर आणि दंडावर, आणि मारून झाल्यावर हात धुवायचे.

आम्हा मुलींना मारत नसत. आमच्यासाठी कोळशाची खोली होती. जुन्या रेल्वे क्वार्टरांना मागच्या अंगणात अशी एक खोली असे, बिनखिडकीची, कडी फक्त बाहेरून. गॅस आल्यापासून ती रिकामीच होती. भिंतींना मात्र काळी भुकटी तशीच होती. भाऊ म्हणायचे, "जा, विचार करून ये," आणि कडी लावायचे. रागावलेले नसत, गाडीचा ब्रेक तपासावा तसं कडी ओढून बघायचे. मला तीन-चारदाच जावं लागलं, कारण मी लवकर शिकले. छबी सात वर्षांची होती. तिच्या हातून दूध सांडायचं, ती मोठ्यानं हसायची, झोपेत अंथरूण ओलं करायची. ती आत असली की मी मागच्या पायरीवर बसून आकडे मोजायची. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, पण साठपर्यंत म्हणायला मला नेमकं एक मिनिट लागतं हे मी स्वयंपाकघरातल्या घड्याळावर ताडून बघितलेलं होतं. आकडे मोजले की दारामागचं ऐकू येत नसे. सुरुवातीला ती रडायची. नंतर रडायची बंद झाली. भाऊ म्हणाले, "बघा, सुधारली."

त्या पावसाळ्यानंतर छबीला "ते" होऊ लागलं. बसल्या जागी ती ताठ व्हायची. डोळे उघडे, पण बघत नसायची. हाका मारा, हलवा, पापणी लवायची नाही. कधी तीन मिनिटं, कधी वीस. मग एकदम सैल पडायची आणि पाणी मागायची. पहिल्यांदा झालं तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या, त्यांनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला, मग चप्पल हुंगवली, मग तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. "फीट आहे हो ही," त्या म्हणाल्या. "आमच्या नणंदेला होती." गावातल्या डॉक्टरनेही फिटच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी छबी दिवसभर पेंगायला लागली, पण ताठ व्हायचं काही थांबलं नाही. शाळेच्या बाईंनी निरोप पाठवला की वर्गात इतर मुली घाबरतात. मग एके दिवशी भाऊंनी एक छापील अर्ज आणला. दूर विदर्भात अशा मुलांना ठेवून घेणारी एक संस्था होती, त्यांचा. अर्ज त्यांनी त्यांच्या सुंदर अक्षरात पूर्ण भरला. खाली सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरची सही आणि शिक्का एवढीच जागा रिकामी होती. मूल बुद्धीनं मंद असून त्याला झटके येतात, घरी सांभाळणं शक्य नाही, अशा मजकुराखाली.

आईने तो अर्ज वाचला. ती सातवी शिकलेली होती. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सही घ्यायचीच तर धुळ्याला घेऊ. मोठा दवाखाना आहे, माझी बहीण आहे तिथे, राहायची सोय होईल." भाऊंना ते पटलं. आईने हे सोयीसाठी सुचवलं की आणखी कशासाठी, मला माहीत नाही. मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारता येणार नाही.

भाऊ लाइनवर असताना आई आम्हा दोघींना घेऊन निघाली. रेल्वेच्या पासावर चाळीसगाव, तिथून धुळ्याची लहान गाडी. मावशीने दारातच छबीला उचललं. "काय हाल करी टाका व पोरना!" मावशी म्हणाली. आई चपला काढायला वाकली. मावशीने कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं आणि आम्ही जेवत असताना आमच्याकडे न बघता म्हणाली, "आठे दार उघडंच ऱ्हास, बरं का बेटा." इथे दार उघडंच असतं. मी आईकडे पाहिलं. आईने मावशीला किती सांगितलं होतं, कधी सांगितलं होतं, कुणास ठाऊक.

दवाखान्यातल्या डॉक्टरने छबीला तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, आणि लगेच सही करायला नकार दिला. "महिनाभर लिहून ठेवा," तो आईला म्हणाला. "केव्हा होतं, किती वेळ राहतं, त्याआधी काय चाललं होतं. मग बघू." आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही लिहील. हिचा हिशेब पक्का असतो."

मी तेरा वर्षांची होते. दोनशे पानी वहीत मी पट्टीने रेघा मारून रकाने आखले. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय चाललं होतं. आणि शेवटी, कुणी सांगितलेलं नसताना, पाचवा रकाना ड्युटी. त्यामागे काहीही हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगते. रेल्वेच्या घरात कुठलीही गोष्ट अशीच सांगितली जाते. "आत्या आल्या तेव्हा भाऊ लाइनवर होते." "दूधवाल्याशी भांडण झालं ते रेस्टच्या दिवशी." आमच्याकडे किराण्याच्या यादीच्या कोपऱ्यातसुद्धा ड्युटी लिहिलेली असायची. वार विसरला तरी ड्युटी विसरत नसे. तसा मी तो रकाना आखला आणि रोज भरला. "आधी काय चाललं होतं" या रकान्यात मात्र मी कोळशाची खोली एकदाही लिहिली नाही. "जेवण", "अभ्यास", "काही नाही" असं लिहीत गेले. ती गोष्ट घराबाहेर सांगायची नाही हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. ते आम्हाला ठाऊकच होतं.

तिसऱ्या आठवड्यात वही भाऊंच्या हातात पडली. मी दप्तर भरत होते. त्यांनी पलंगावर बसून पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वहीत लपवण्यासारखं काही आहे असं मलाच ठाऊक नव्हतं, तरी मी दप्तर भरायची थांबले.

"हे काय लिहिलंस? दुपारी सव्वातीन?"

"हो भाऊ."

"रेल्वेच्या माणसाची मुलगी ना तू? पंधरा पंधरा लिहायचं. दुपार कसली?" त्यांनी पेन काढलं आणि स्वतः दुरुस्त्या करायला लागले. मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावर गेलं. "नऊ तारखेला मी लाइनवर नव्हतो."

"होतात ना. सकाळी डबा नेलात तेव्हाच मी लिहून..."

"डबा नेला, गाडी रद्द झाली, दहा वाजता परत आलो. कोटाच्या खिशातली माझी डायरी आण." त्यांनी डायरी उघडून नऊ तारखेची नोंद मला दाखवली, माझ्या वहीतला "लाइनवर" खोडला आणि वर नीटनेटकं "घरी" लिहिलं. तोवरची सगळी पानं त्यांनी अशी डायरीशी जुळवून पाहिली. वही परत देताना म्हणाले, "काम चांगलं केलंस. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे असंच पाहिजे, कुणी बोट ठेवायला नको." मला आनंद झाला. त्यांनी माझी तारीफ केल्याचं मला आठवतं ते एवढंच.

महिना भरला तेव्हा भाऊ रजा काढून बरोबर आले. अर्ज त्यांच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता. गाडीत छबी आईच्या मांडीवर झोपली होती. गोळ्यांमुळे तिची लाळ गळत होती. मी खिडकीशी बसून विचार करत होते की संस्थेतल्या खोल्यांना कडी कुठल्या बाजूने असेल.

डॉक्टरने वही चाळली आणि आम्हाला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे दवाखान्याच्या समाजसेविका बसत. चाळिशीच्या, चष्मा, टेबलावर स्टीलचा पाण्याचा ग्लास आणि रंगीत मातीचे गोळे. त्यांनी वही उघडली. बराच वेळ पानं मागेपुढे केली. मग त्यांचं बोट शेवटच्या रकान्यावरून हळूहळू खाली सरकायला लागलं, एक पान, दुसरं पान, आणि ते बोट बघता बघता मला दिसलं. सत्तावीस वेळा छबीला "ते" झालं होतं. सत्तावीसच्या सत्तावीस वेळा शेवटच्या रकान्यात "घरी". भाऊ बारा दिवस लाइनवर होते. त्या बारा दिवसांसमोर एकही नोंद नव्हती. नऊ तारीख एवढी एक वेगळी होती, तीही भाऊंनी स्वतः जुळवून दिली होती. महिनाभर रोज लिहूनही मला ते दिसलं नव्हतं.

बाईंनी मान वर न करता विचारलं, "हा तक्ता कुणी केला?"

"मोठीने," भाऊ म्हणाले. "पण मी तपासलाय. एक चूक सापडणार नाही तुम्हाला."

"ड्युटीचा रकानासुद्धा?"

"तो तर मी माझ्या डायरीवरून पक्का केलाय, मॅडम."

"फार छान," बाई म्हणाल्या. आवाजात काहीही नव्हतं. "तुम्ही आणि वहिनी छबीला घेऊन जरा वजन-उंची करून या. खाली, अकरा नंबर. मोठीला राहू द्या, मला तिच्याकडून थोडं समजून घ्यायचंय." भाऊ उठले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पाहायचं कारणच नव्हतं. आईने पाहिलं.

"दार उघडं ठेवू की लावून घेऊ?" बाईंनी मला विचारलं.

मी दाराकडे पाहिलं. दार लावलं तर मला बाहेर कसं पडता येणार, आणि उघडं ठेवलं तर बोलता कसं येणार. बाई उठल्या, दार निम्मं लोटलं आणि त्यांची खुर्ची दारापासून लांब नेली, म्हणजे दाराजवळ मी आले. आता माझा नवरा, मुलं, सगळे थट्टा करतात की मी कुठेही गेले तरी दाराजवळची जागा धरते. छबीही धरते. आम्ही दोघी एकत्र कुठे गेलो की त्या एका खुर्चीसाठी आमची ढकलाढकली होते.

"छबी कुणाला घाबरते?" असं त्यांनी विचारलं नाही. तसं विचारलं असतं तर मी "कुणालाच नाही" म्हटलं असतं. त्यांनी विचारलं, "शेतात तितर बघितलास कधी? माणूस अगदी जवळ आला की उडायच्या आधी काय करतो?"

"दगडासारखा बसतो."

"पळता येत नाही, भांडता येत नाही, तेव्हा शरीर तेवढंच करू शकतं. तुझी बहीण मंद नाही आणि मला ही फीट वाटत नाही. पण ती बसते ते कशापासून लपायला, हे मला कळलं नाही तर डॉक्टरांना त्या अर्जावर काहीतरी लिहावंच लागेल. तू आकड्यात हुशार आहेस. आकडा सांगितलास तरी चालेल."

जिन्यावर पावलं वाजत होती, आमच्या माणसांची नव्हती, तरी मी ती मोजत होते. बोलले तर आज नाही तर उद्या आईची पाठ. नाही बोलले तर तो अर्ज. मी टेबलावरच्या ग्लासकडे बघून म्हटलं, "पंचेचाळीस मिनिटं. बहुतेक वेळा पंचेचाळीस. दोनदा दीड तास. एकदा दोन तास दहा मिनिटं."

"कुठे?"

"कोळशाच्या खोलीत." मग पुढचं सगळं आपोआप आलं. कडी बाहेरून आहे हे, खिडकी नाही हे, आईचे दंड. बाई लिहीत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुझं नाव मी घेणार नाही." तो शब्द त्यांनी पाळला.

अर्जावर सही झाली नाही. डॉक्टरने भाऊंना सांगितलं की उपचाराने गुण येण्यासारखी केस आहे, पण दर मंगळवारी दाखवावं लागेल, तेव्हा मुलीने निदान सहा महिने धुळ्यातच राहावं. भाऊंना त्यात वावगं दिसलं नाही. घरातून ती जात होतीच, फक्त गाव बदललं. छबी मावशीकडे राहिली. दवाखान्यातल्या बाईंच्या खोलीत ती मंगळवारी मातीची घरं करायची, सगळी बिनदाराची, असं मावशीनं पुढे सांगितलं. ती ताठ झाली तर कांदा नाही, पाणी नाही. तिचे तळवे जमिनीला टेकवायचे, नाव घ्यायचं, आज कुठला वार आहे, चुलीवर काय शिजतंय ते सांगत राहायचं, असं बाईंनी मावशीला शिकवलं होतं. मावशी तिच्या आवाजात सांगायची, "छबी, मंगळवार शे, फुणका शिजी राहिनात, मी आठेच शे." गोळ्या हळूहळू सुटल्या. ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. तो शब्द बाईंनीही वापरला नाही. चौथ्या महिन्यात तिने एका घराला दार केलं.

मी मात्र त्याच दिवशी आई आणि भाऊंबरोबर भुसावळला परत आले. मला कुणी ठेवून घेतलं नाही, आणि मला ठेवून घ्या असं मीही म्हटलं नाही. आईला एकटीला पाठवणं मला जमलं नसतं. घरात आता तिघंच. छबी नसल्यामुळे भाऊंच्या शिस्तीला फक्त मी उरले होते, आणि मी चुकत नव्हते. अकरा पावलांत आता छबीचे केस नीट करायचे नसत, म्हणून तेवढा वेळ मी नुसती उभी राहायची.

दीडेक महिन्याने दवाखान्याचं पत्र आलं. मुलीच्या उपचारासाठी घरातल्या वातावरणाबद्दल बोलायचं आहे, वडिलांनी स्वतः यावं. भाऊंनी ते उभ्यानेच वाचलं, पुन्हा वाचलं, मग माझी वही मागितली. टेबलाशी बसून ते शेवटच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत गेले, बाईंनी नेलं होतं तसंच. आई दारात मुगाची डाळ निवडत होती. दुपार होती, समोरच्या क्वार्टरात रेडिओ चालू होता.

"त्या बाईला काय सांगितलं?" भाऊंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "कुणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं होतं. ते मला स्पष्ट आठवतं.

"मी," आई म्हणाली. तिने सूप खाली ठेवलं. "वजन करून आल्यावर तुम्ही चहाला गेला होतात, तेव्हा. पोरीला काय विचारता? ती लहान आहे."

चहाला भाऊ गेले होते हे खरं होतं. आई बाईंच्या खोलीत परत गेली नव्हती हेही खरं होतं, पण ते फक्त तिला आणि मला माहीत होतं. भाऊ उठले. त्यांनी मला मागच्या अंगणात जायला सांगितलं आणि मी गेले. कोळशाच्या खोलीसमोर, पायरीवर बसले.

बऱ्याच वेळाने आई बाहेर आली. नळावर तिने तोंड धुतलं, पदर डोक्यावरून घेतला आणि माझ्याजवळ येऊन बसली. भाऊ घरात होते, तरी ती तिच्या बोलीतच बोलली. "तू काहीच सांगेल नही. समजनं?" मी मान हलवली. तिने माझी हनुवटी धरून वर केली, तोंडाने म्हणायला लावलं. "मी काही सांगितलं नाही," मी म्हटलं.

आई शेवटपर्यंत तिच्या शब्दाला चिकटून राहिली. छबीलाही तिने तसंच सांगितलं, आणि छबी आजही सगळ्यांना सांगते की आईनं धीर केला म्हणून मी वाचले. त्यात खोटं असं फारसं नाही. पण भाऊ गेले, आई गेली, आणि ही पानं मी आधी छबीला वाचायला देणार आहे. बाईंना मी सांगितलं होतं. मार आईने खाल्ला, आणि मी गप्प राहिले.